मनसरच्या खाणीतून: प्रस्तावना

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने निघाले की मनसरला उजव्या हाताला रामटेकचा फाटा येतो. तिथे वळणारे बहुतेक जण गडावरच्या रामाच्या दर्शनाला निघालेले असतात. काही खिंडसीच्या तलावावर जातात, तर थोडे अभ्यासक वाकाटकांच्या खुणा पाहायला येतात. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असे वा. वि. मिराशींनी साधार मांडल्यापासून कालिदासाचे वाचकही येतात. खाण पाहायला मात्र कोणी येत नाही. मनसर आणि कांद्रीच्या खाणींतून सव्वाशे वर्षांच्या आसपास मँगनीजचा दगड निघतो आहे. तो हातात घेतला तर आकाराच्या मानाने भलताच जड लागतो. ताजा फुटलेला भाग पोलादी करड्या रंगाचा चमकतो, आणि दगड मऊ जातीचा असेल तर बोटे काळी होतात.

संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिकी, वनस्पतिशास्त्र आणि सैद्धांतिक भौतिकी या चार विषयांतले नवे संशोधन मराठीत सांगणारे लेख या संग्रहात एकत्र केले आहेत. लेखक वेगवेगळे आहेत, आणि प्रत्येकाची परिभाषा ज्याची त्याची आहे. अशा पुस्तकाचे नेहमी जे होते ते याचेही होईल अशी मला काळजी वाटते: शेतीचा विद्यार्थी वनस्पतींचा विभाग वाचेल, संगणकाचा विद्यार्थी संगणकाचा, आणि भौतिकीच्या विभागाची पाने कोरी करकरीत राहतील. रामटेकला १९८५ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, १९९७ पासून कालिदासांच्या नावाचे संस्कृत विद्यापीठ आहे, आणि आजूबाजूला धानाच्या बांध्या आहेत. या तिन्ही ठिकाणच्या माणसांनी हे पुस्तक सलग वाचावे असे मला मनापासून वाटते. म्हणून प्रस्तावनेत चार विषयांचा गोषवारा देण्याऐवजी एकच पदार्थ घेऊन चारही विभागांतून जाणार आहे. हस्तलिखित वाचताना दिसले की प्रत्येक विभागात कुठे ना कुठे मँगनीज आहे. लेखकांनी तसे ठरवलेले नव्हते.

आधी खाणीबद्दल. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही इंग्रज कंपनी १८९६ मध्ये निघाली. १९६२ मध्ये तिच्या मालमत्तेतून मॉईल ही कंपनी उभी राहिली आणि १९७७ मध्ये इंग्रज कंपनीचा उरलेला वाटा केंद्र सरकारने घेतला. भूशास्त्रज्ञ लुईस ली फर्मर यांनी १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीजवर एक प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यात त्यांना मँगनीजयुक्त गार्नेट आणि गारगोटी यांचा एक विशिष्ट खडक सतत भेटत होता. इथल्या गोंडांवरून त्यांनी त्याचे नाव ‘गोंडाइट’ ठेवले, आणि जगभरचे भूशास्त्रज्ञ तो शब्द आजही वापरतात. ज्या थरात हे खनिज सापडते त्या थराला भूशास्त्रात ‘मनसर’ हेच नाव आहे.

हे थर मुळात पाण्याखाली साचलेला गाळ. पुढे जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने आणि दाबाने त्याचे रूप पालटले. पाण्यात विरघळलेले मँगनीज सहजासहजी खाली बसत नाही. त्याला ऑक्सिजन भेटला तरच त्याचा काळा ऑक्साइड होऊन तो तळाशी साचतो. मग प्रश्न येतो, तो ऑक्सिजन आला कुठून? त्या काळी तो फक्त प्रकाशसंश्लेषणातून येत होता, सूर्यप्रकाशात पाणी फोडणाऱ्या सूक्ष्म जिवांकडून. आणि पाणी फोडण्याचे ते काम मँगनीजच करते. म्हणजे मनसरच्या खाणीतला दगड तयार व्हायला जे लागले, ते तयार करणाऱ्या यंत्रातही हाच धातू बसलेला होता. या साखळीचा पुरावा पुढे वनस्पतींच्या विभागात सविस्तर आला आहे.

मँगनीजच का, हे समजायला थोडे रसायनशास्त्र लागते. बहुतेक धातू एक किंवा दोन ठरावीक प्रकारांनीच इलेक्ट्रॉन सोडतात. मँगनीज दोन सोडते, तीन सोडते, चार सोडते. विहिरीत टाकतात त्या जांभळ्या पोटॅशियम परमँगनेटमध्ये तर त्याने सातही सोडलेले असतात. या पायऱ्या त्याला एकेक करून चढता-उतरता येतात. दुसरे असे की दोन इलेक्ट्रॉन सोडल्यावर त्याच्याजवळ पाच एकटे इलेक्ट्रॉन राहतात आणि पाचही एकाच दिशेने फिरतात, त्यामुळे त्याचा प्रत्येक अणू एक जोरकस चुंबक बनतो. पहिला गुण पानात आणि बॅटरीत उपयोगी पडला, दुसरा भौतिकीत, आणि तिथून संगणकात.

आता पान. रामटेकच्या पानमळ्यातले विड्याचे पान घ्या किंवा बांधीतले धानाचे, काम एकच चालते. पाण्याचे दोन रेणू फोडून ऑक्सिजनचा एक रेणू सोडायचा तर चार इलेक्ट्रॉन काढावे लागतात, आणि प्रकाश मात्र एका वेळी एकच इलेक्ट्रॉन हलवतो. ही विसंगती पान कसे सोडवते, याचे उत्तर १९६९ मध्ये फ्रान्समध्ये पिएर जोलिओ यांच्या प्रयोगातून हाती येऊ लागले. अंधारात ठेवलेल्या नमुन्यावर त्यांनी प्रकाशाचे अगदी छोटे झोत एकामागून एक सोडले. पहिल्या झोताला ऑक्सिजन जवळजवळ आलाच नाही. दुसऱ्यालाही फारसा नाही. तिसऱ्याला भरपूर आला, मग सातव्याला, मग अकराव्याला. दर चौथ्या झोताला शिखर. पुढच्याच वर्षी बेसेल कोक यांनी त्याचा अर्थ लावला: आत कुठेतरी शून्य ते चार अशा पाच पायऱ्यांचे एक चक्र आहे, प्रत्येक झोताने ते एक पायरी पुढे सरकते, आणि चौथी पायरी ओलांडताना ऑक्सिजन सुटतो. अंधारात ते पहिल्या पायरीवर थांबलेले असते, म्हणून पहिले शिखर तिसऱ्या झोताला. चक्राचे यंत्र कोणी पाहिलेले नव्हते. फक्त ऑक्सिजनचे चढउतार मोजून त्याचे अस्तित्व सिद्ध झाले. हा प्रयोग मला विसाव्या शतकातल्या सगळ्यात देखण्या प्रयोगांपैकी वाटतो, आणि शाळेच्या पुस्तकात त्याला जागा नाही याचे वाईट वाटते.

ते यंत्र दिसायला २०११ साल उजाडले. जपानमध्ये च्यान-रन शेन आणि नोबुओ कामिया यांच्या गटांनी हे यंत्र ज्यात बसलेले असते त्या सायनोबॅक्टेरियातल्या प्रथिनाचे स्फटिक करून १.९ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने त्याचे चित्र काढले. मँगनीजचे चार अणू, कॅल्शियमचा एक, आणि त्यांना जोडणारे ऑक्सिजनचे पाच, अशी यंत्राच्या गाभ्याची रचना निघाली. पण क्ष-किरणांनीच या गाभ्याला इजा होते आणि मँगनीजची अवस्था बदलते, म्हणून हे चित्र कितपत खरे, असा वाद झाला. त्यावर तोडगा म्हणून एक्स-रे लेसरची अतिसूक्ष्म स्पंदने वापरायला सुरुवात झाली. स्फटिक उद्ध्वस्त होतो, पण होण्याआधीच त्याचे चित्र निघालेले असते. २०२३ मध्ये एकाच वेळी दोन निबंध आले. एका गटाने एक्स-रे लेसरने शेवटच्या पायरीवरची क्षणाक्षणाची चित्रे घेतली. बर्लिनमधल्या होल्गर डाऊ यांच्या गटाने पालकाच्या पानातली प्रथिने घेऊन अवरक्त प्रकाशाने त्याच पायरीवरच्या प्रोटॉन-इलेक्ट्रॉनच्या हालचाली टिपल्या. ही पायरी एखाद-दोन मिलिसेकंदांत उरकते. तिच्यात नेमके कोणते दोन ऑक्सिजन केव्हा जुळतात यावर अजून एकमत नाही.

याच धातूची दुसरी बाजू खाणीच्या कडेला दिसते. उघड्या खाणीतून निघालेल्या टाकाऊ दगडमातीच्या ढिगांवर वर्षानुवर्षे गवतही धरत नाही. नागपूरच्या नीरी संस्थेत आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या गुमगाव खाणीच्या अशा ढिगावर काम केले. साखर कारखान्यातून निघणारी प्रेसमड मिसळली, नत्र बांधणारे जिवाणू आणि मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशा दिल्या, आणि मग सागवान, शिसव यांसारखी झाडे लावली. ढिगावर झाडी उभी राहिली. मला हे काम एक्स-रे लेसरइतकेच मोलाचे वाटते. धानाच्या बांधीतही मँगनीजची हालचाल पाहण्यासारखी असते. रोवणीनंतर पाणी साचून राहिले की चिखलातला ऑक्सिजन संपतो, जिवाणू मँगनीजच्या ऑक्साइडवर श्वास घेऊ लागतात, आणि घट्ट बसलेले मँगनीज विरघळून मुळांना मिळते. पाणी निचरून बांधी सुकली की ते पुन्हा घट्ट होते.

इलेक्ट्रॉनिकीकडे वळताना टॉर्चच्या सेलपासून सुरुवात करू. गावातल्या मुलांनी पिढ्यान् पिढ्या संपलेले सेल फोडून आतली कार्बनची कांडी काढली आणि तिने भिंतींवर रेघोट्या ओढल्या. कांडीभोवतीचा तो काळा, ओलसर लगदा म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. जॉर्ज लेक्लांशे यांनी १८६६ मध्ये केलेली ही रचना. शेजारच्या भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीतला दगड याच कामाचा म्हणून ओळखला जातो. मॉईलने तिथे विद्युत-विघटनाने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड करण्याचा कारखानाही घातला. पाने पाणी फोडताना मँगनीजकडून जे करवून घेतात, त्याच्या उलट काम सेलमध्ये चालते: मँगनीज इलेक्ट्रॉन घेत खालच्या पायऱ्या उतरते.

पुन्हा भरता येणाऱ्या बॅटरीत मात्र त्याला हजारो वेळा चढ-उतार करावा लागतो, आणि तिथे ते अडते. १९८३ मध्ये ऑक्सफर्डला मायकेल थॅकरे आणि जॉन गुडइनफ यांनी लिथियम-मँगनीज ऑक्साइडची एक स्वस्त, सुरक्षित जात दाखवली. पण तिच्यात तीन इलेक्ट्रॉन सोडलेले मँगनीजचे दोन अणू एकमेकांत देवघेव करतात, एक दोनवर उतरतो आणि दुसरा चारवर चढतो. दोनवर उतरलेला द्रवात विरघळून निघून जातो आणि बॅटरीची ताकद हळूहळू ओसरते. ही गळती थोपवण्याचे प्रयत्न चाळीस वर्षे चालू आहेत. आता कोबाल्टची महागाई आणि त्याच्या खाणकामातले शोषण टाळण्यासाठी विद्युत-वाहनांचे उत्पादक पुन्हा मँगनीजकडे वळले आहेत. मे २०२५ मध्ये जनरल मोटर्स आणि एलजी यांनी लिथियम-मँगनीजबहुल बॅटऱ्या २०२८ पासून गाड्यांत घालण्याचे जाहीर केले. लिथियमच्या जागी सोडियम वापरण्याचे कामही जगभर चालू आहे. त्या बॅटऱ्यांच्या कित्येक प्रकारांत मँगनीज असते. पुण्यातली आयसर ही संशोधन संस्था आणि केपीआयटी ही कंपनी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम बॅटरीचे आपले तंत्रज्ञान लोकांसमोर ठेवले.

पुण्याचा उल्लेख आला म्हणून एका मराठी संशोधकाचे काम सांगायला हवे. मँगनाइट नावाचे ऑक्साइड चुंबकाजवळ नेले की त्यांचा विद्युतरोध प्रचंड उतरतो, हे १९९४ मध्ये ठळकपणे पुढे आले आणि सगळ्या जगाचे लक्ष तिकडे गेले. पुणे विद्यापीठातून मेरीलँडला गेलेले सतीशचंद्र ओगले यांनी १९९६ मध्ये तिथल्या सहकाऱ्यांबरोबर दाखवले की मँगनाइटच्या पातळ थराचा रोध नुसत्या विद्युतक्षेत्रानेही लक्षणीय बदलतो. चुंबकत्वावर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या दिशेने ते एक सुरुवातीचे पाऊल होते. ओगले पुढे पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि नंतर आयसरमध्ये आले.

सगळ्यात ताजी गोष्ट मँगनीज टेल्युराइडची. हा पदार्थ अनेक दशके माहीत होता आणि त्यात विशेष काही नाही अशी समजूत होती: शेजारशेजारचे चुंबक उलटसुलट, बाहेरून बेरीज शून्य. २०२२ मध्ये शमेइकल, सिनोव्हा आणि युंगविर्थ यांनी सममितीच्या गणितातून मांडले की लोहचुंबक आणि प्रतिलोहचुंबक यांच्याखेरीज चुंबकत्वाचा तिसरा प्रकारही असला पाहिजे. बाहेरून शून्य, पण आतल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा त्यांच्या फिरण्याच्या दिशेनुसार वेगवेगळी. त्याला ‘आल्टरमॅग्नेट’ म्हणतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये मँगनीज टेल्युराइडमध्ये ती फूट प्रत्यक्ष मोजली गेली. या विषयावरच्या संग्रहातल्या लेखाचा एक गुण मला फार आवडला. सुरुवातीला सगळ्यांचा लाडका उमेदवार रुथेनियम ऑक्साइड होता आणि नंतरच्या प्रयोगांत त्याचे चुंबकत्वच संशयात आले, हेही लेखकाने तितक्याच जागेत सांगितले आहे. बाहेर चुंबकक्षेत्र न सांडणारे चुंबक मिळाले तर संगणकाच्या स्मृतीचे तुकडे एकमेकांना अगदी खेटून बसवता येतील, ही त्यामागची आशा.

आता तो भाग, ज्याची पाने कोरी राहतील अशी मला भीती आहे. तांब्यात शेकडा दोन-चार मँगनीज मिसळून वितळवा आणि थंड करा. मँगनीजचे अणू तांब्यात कुठेही, अनियमित पसरतात. प्रत्येक अणू एक चुंबक. दोघांमधल्या अंतरानुसार कधी ते एकाच दिशेला वळू पाहतात, कधी उलट दिशांना. तीन अणू असे सापडले की प्रत्येक जोडीला उलट दिशा हवी, तर तिघांचेही समाधान होऊच शकत नाही. दोन जोड्या जुळल्या की तिसरी बिघडते. असे कोट्यवधी त्रिकोण एका तुकड्यात असतात. गार केल्यावर सगळे चुंबक गोठतात, पण कोणत्याही शिस्तीशिवाय. या अवस्थेला ‘स्पिन ग्लास’ म्हणतात. तिच्यात एक विलक्षण गोष्ट आढळते: गोठल्यानंतर किती वेळ थांबून चुंबकक्षेत्र लावले, यावर तिचा प्रतिसाद अवलंबून असतो. धातूचा तुकडा म्हातारा होतो, आणि त्याचे वय मोजता येते.

सॅम एडवर्ड्स आणि फिलिप अँडरसन यांनी १९७५ मध्ये याचा पहिला सिद्धांत मांडला. त्याच वर्षी डेव्हिड शेरिंग्टन आणि स्कॉट कर्कपॅट्रिक यांनी तो सोपा केला, आणि उत्तर चुकीचे आले. अगदी कमी तापमानाला एन्ट्रॉपी ऋण निघू लागली, जे असंभव. १९७९ मध्ये इटलीच्या जॉर्जो पारिसी यांनी वाट काढली. या पदार्थाला एकच स्थिर अवस्था नसून असंख्य आहेत आणि त्या एकमेकांशी वंशवृक्षासारख्या नात्याने बांधलेल्या आहेत, असा त्यांच्या गणिताचा अर्थ निघाला. ते गणित तेव्हा सिद्ध नव्हते. मिशेल तालाग्रां यांनी २००६ मध्ये त्याची काटेकोर सिद्धता दिली. पारिसींना २०२१ चे नोबेल मिळाले आणि तालाग्रां यांना २०२४ चे आबेल पारितोषिक.

असंख्य स्थिर अवस्था असलेली वस्तू स्मरण ठेवू शकेल, हे ओळखले जॉन हॉपफील्ड यांनी, १९८२ मध्ये. रामटेकच्या डोंगरांवर पडलेला पावसाचा थेंब ज्या उतारावर पडेल त्याप्रमाणे अंबाळ्याच्या तलावात, खिंडसीत किंवा एखाद्या बोडीत जाऊन थांबतो. हॉपफील्ड यांनी कृत्रिम चेतापेशींचे जाळे असे घडवले की प्रत्येक आठवण हा एक तळ व्हावा. अर्धवट किंवा बिघडलेले चित्र दिले की जाळे उतारावरून घरंगळत पूर्ण चित्राशी येऊन थांबते. किती आठवणी मावतील, हे १९८५ मध्ये आमित, गुटफ्रॉइंड आणि सोम्पोलिन्स्की यांनी स्पिन ग्लासचेच गणित वापरून काढले: हजार पेशींमागे सुमारे १३८. त्यापलीकडे गेले की काही आठवणी पुसट होतात असे होत नाही, सगळ्याच एकदम जातात. त्याच काळात जेफ्री हिंटन यांनी या जाळ्याला तापमान जोडून शिकणारे यंत्र बनवले. हॉपफील्ड आणि हिंटन यांना २०२४ चे भौतिकीचे नोबेल मिळाले, तेव्हा संगणकवाल्यांना भौतिकीचे पारितोषिक कसे, असे पुष्कळांनी विचारले. तांबे-मँगनीजच्या तुकड्यापासून सुरुवात केलेल्या वाचकाला तो प्रश्न पडणार नाही.

दोन वर्षे आधी, २०२२ मध्ये, सांख्यिकी भौतिकीतला सर्वोच्च मान असलेले बोल्ट्झमन पदक हॉपफील्ड यांच्याबरोबर दीपक धर यांना मिळाले. हे पदक मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांची कारकीर्द मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि नंतर पुण्याच्या आयसरमध्ये गेली. त्या वेळी मराठी वृत्तपत्रांनी या बातमीला दिलेली जागा फारच तोकडी होती.

कर्कपॅट्रिक यांचे नाव पुढे पुन्हा येते. १९८३ मध्ये त्यांनी आयबीएममध्ये सहकाऱ्यांबरोबर धातू तापवून हळूहळू गार करण्याची कल्पना चिपवरच्या जोडण्यांची उत्तम मांडणी शोधायला वापरली. आज ती रीत अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात असते, उगम न सांगता. स्पिन ग्लासची सर्वांत खालची अवस्था शोधणे हे संगणकासाठी अतिशय कठीण प्रश्नांच्या वर्गात मोडते, म्हणून क्वांटम यंत्रांची कसोटीही त्यावरच घेतली जाते. मार्च २०२५ मध्ये डी-वेव्ह कंपनीने दावा केला की त्यांच्या यंत्राने स्पिन ग्लासचे असे अनुकरण केले जे साध्या संगणकांच्या आवाक्याबाहेर आहे. लगेच अमेरिकेतल्या आणि स्वित्झर्लंडमधल्या गटांनी त्यातला काही भाग साध्या संगणकावर करून दाखवला. कंपनीचे म्हणणे, उरलेला भाग अजूनही तुमच्या हातचा नाही. माझे मत असे की अशा दाव्यांबाबत वाचकाने दोन वर्षे थांबावे, आणि या संग्रहातल्या लेखानेही घाई केलेली नाही.

पारिसींचे चित्र सिद्ध झाले ते प्रत्येक चुंबक इतर सगळ्यांशी जोडलेला आहे असे धरून. खऱ्या तुकड्यात, तीन मितींत, अणू मुख्यतः जवळच्यांशी जोडलेला असतो. तिथेही असंख्य अवस्था आहेत की शेवटी दोनच, यावर चाळीस वर्षांत निकाल लागलेला नाही. पानातली शेवटची पायरी आणि हा वाद, दोन्हींवर काम चालू आहे. वाचकाने वनस्पतींच्या विभागापासून सुरुवात करावी, कारण जोलिओंच्या प्रयोगात एकही समीकरण लागत नाही, आणि तो मनात बसला की पुढच्या विभागातले मँगनीजचे चढउतार आपोआप ओळखू येतात. भौतिकीच्या विभागातली गणिते पहिल्या वाचनात गाळली तरी चालतील; त्रिकोणाची आकृती मात्र कागदावर स्वतः काढून तिघांच्या दिशा भरून पाहाव्यात.